बदकाची चोच

वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांपैकी एक दिवस प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या मालकीचा असतो. त्या दिवशी त्याला कोणी रागे भरत नाही, जेवणात त्याच्या आवडीचा पदार्थ असतो आणि वडीलधारी मंडळीही तेवढ्यापुरती त्याच्या तंत्राने चालतात. हा दिवस साजरा करण्याच्या रीती मात्र देशोदेशी निराळ्या आहेत. महाराष्ट्रात मुलाला तेल-उटणे लावून न्हाऊ घालतात, पाटावर बसवून निरांजनाने ओवाळतात आणि गोडाधोडाचे जेवण करतात. युरोपात, आणि युरोपातील लोक जेथे जेथे जाऊन वसले त्या देशांत, हा मान केकला मिळाला. आता आपल्याकडेही अनेक घरांत सकाळी निरांजन आणि सायंकाळी केक असे दोन्ही असते. एका प्रसंगी ज्योत जपावयाची, तर दुसऱ्या प्रसंगी ती फुंकून विझवावयाची! कित्येक आजीबाईंना हे दुसरे रुचत नाही, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार आहे असे नव्हे. तथापि केकवरील मेणबत्तीची चालही काही आजकालची नाही. जर्मनीत काउंट झिंझेनडॉर्फ नावाचे एक धर्मनिष्ठ सरदार होते. 1746 साली त्यांच्या वाढदिवशी भट्टीत मावेल तेवढा मोठा केक भाजला होता. त्याला त्यांच्या वयाच्या वर्षांइतकी भोके पाडून प्रत्येक भोकात एक मेणबत्ती लावली होती आणि आणखी एक मधोमध होती, असे वर्णन त्या काळच्या एका लेखकाने लिहून ठेवले आहे.

त्या काळी केक हलका व फुगीर करणे हे मोठे कष्टाचे काम असे. केक फुगतो तो पिठात कोंडलेल्या हवेमुळे किंवा वायूमुळे. हा वायू पिठात आणावयाचा कसा? एक मार्ग यीस्टचा. पण त्याला वेळ लागे. दुसरा मार्ग अंड्यांचा. अंडी फेटली की त्यांत हवेचे असंख्य बुडबुडे अडकतात आणि भट्टीच्या उष्णतेने ते फुगतात. पण त्यासाठी काटक्यांची जुडी घेऊन घटकान् घटका फेटीत बसावे लागे, आणि घरच्या मोलकरणींचे हात भरून येत. ही अडचण दूर होण्यास इंग्लंडातील एका रसायनतज्ज्ञाचे घर कारण झाले. बर्मिंगहॅम शहरातील आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी पचत नसत आणि यीस्टही सोसत नसे. पत्नीसाठी त्यांनी प्रथम अंड्यांवाचून होणारे कस्टर्ड तयार केले, आणि पुढे 1843 साली बेकिंग पावडर तयार केली. ह्या पावडरीत खाण्याचा सोडा आणि एक आम्लधर्मी पदार्थ कोरड्या स्थितीत एकत्र असतात. पाणी लागताच त्यांचा संयोग होऊन कार्बन डायॉक्साइड वायू सुटतो व पीठ फुगते. आपल्याकडील शाकाहारी घरांत दही आणि सोडा घालून जो केक करतात, त्यातही हेच घडते. तेथे आम्लाचे काम दही करते. एका घरातील एका माणसाच्या प्रकृतीसाठी केलेली ही खटपट पुढे जगातील लक्षावधी स्वयंपाकघरांत पोहोचली.

चिमुकल्या कपकेकचा इतिहासही असाच साधा आहे. अमेरिकेतील अमेलिया सिमन्स यांच्या 1796 च्या पाककृतींच्या पुस्तकात, लहान पेल्यांत भाजावयाच्या हलक्या केकची कृती आहे. पुढे तराजूऐवजी पेल्यानेच माप घेण्याचीही रीत पडली : एक पेला लोणी, दोन पेले साखर, तीन पेले पीठ आणि चार अंडी. लहान मुलालाही पाठ होईल असे हे माप आहे. मोठा केक भाजण्यास जेथे तास लागतो, तेथे हे छोटे केक वीस मिनिटांत होतात, आणि प्रत्येक मुलाला आपला स्वतंत्र केक मिळाल्यामुळे वाटपाचे भांडणही मिटते.

परंतु केक गोल किंवा चौकोनीच का असावा? तो आगगाडीसारखा, किल्ल्यासारखा, फुलपाखरासारखा का नसावा? हा प्रश्न मुलांना पडतोच. मिठाईचे मोठे कारागीर राजेरजवाड्यांसाठी साखरेचे मनोरे आणि मंदिरे पूर्वीही करीत. पण ती विद्या दरबारची होती. साध्या घरातील आईला, रविवारच्या एका दुपारी, आपल्या ओट्यावर आगगाडी करता येईल असे ज्या एका पुस्तकाने दाखवून दिले, त्याची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

ऑस्ट्रेलियात 1933 साली ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’ नावाचे स्त्रियांसाठी साप्ताहिक निघाले. (पुढे 1980 च्या दशकाच्या आरंभी ते मासिक झाले, पण नावातील ‘साप्ताहिक’ तसेच राहिले.) ह्या नियतकालिकाचे स्वतःचे स्वयंपाकघर होते. तेथे पाककृती प्रत्यक्ष करून पाहिल्यावाचून छापीत नसत. ह्याच स्वयंपाकघरातून 1980 साली मुलांच्या वाढदिवसाच्या केकचे एक पुस्तक बाहेर पडले. मॅरियन ब्लॅकर आणि पामेला क्लार्क ह्या दोघींनी ते सिद्ध केले. त्यात शंभराहून अधिक केक होते, आणि मुखपृष्ठावर होती एक आगगाडी : रंगीत एंजिन, आणि मागे पॉपकॉर्न व गोळ्या वाहून नेणारे डबे. पुस्तकाच्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या. ऑस्ट्रेलियासारख्या विरळ वस्तीच्या देशाच्या मानाने हा आकडा फारच मोठा आहे. 2011 साली ते पुस्तक जसेच्या तसे पुन्हा छापावे लागले. कारण ज्यांनी लहानपणी त्यातले केक कापले होते, त्यांना ते आता आपल्या मुलांसाठी करावयाचे होते.

ह्या पुस्तकाची मौज अशी की ते विकत घेई आई, पण वाचीत मुले. वाढदिवसाला अजून चार महिने अवकाश असला तरी मुले चटईवर पालथी पडून एकेक पान उलटीत आणि यंदा कोणता केक मागावयाचा ह्याचा विचार करीत बसत. आज किल्ला ठरे, उद्या रोबो, परवा पुन्हा आगगाडी. आईच्या छातीत मात्र धडकी भरे. कारण चित्र जितके मोहक, तितके ओट्यावरचे काम अधिक. मुलाने आगगाडीच्या पानावर बोट ठेवले की त्या आईला कळून चुके, की वाढदिवसाच्या आदल्या रात्री आपल्याला झोप नाही.

तरीही हे काम तिच्या आवाक्यातील होते, आणि ह्याचे श्रेय त्या पुस्तकाच्या एका निर्णयाला आहे. केकचा मूळ भाग दुकानात मिळणाऱ्या तयार पिठाच्या पुडक्यांतून करावा, असे त्यात सांगितले होते. सजावटीसाठीही किराणा दुकानातील जिन्नसच वापरावयाचे : बिस्किटे, चॉकलेटे, गोळ्या, ज्येष्ठमधाच्या काळ्या वाद्या, पॉपकॉर्न. पाककलेतील काही जाणत्यांनी अशा पुडक्यांना नाके मुरडावीत, हे स्वाभाविक आहे. स्वतः मोजून मापून केलेल्या केकची चव पुडक्याला येत नाही, हे खरेच. पण येथे प्रश्न चवीचा नव्हता. दिवसभर कामावर असणारी, भट्टीशी विशेष ओळख नसलेली, हाती बेताचे पैसे असलेली स्त्रीही आपल्या मुलाला त्याच्या मनातली आगगाडी देऊ शकते की नाही, हा प्रश्न होता. पुस्तकाने त्याचे उत्तर ‘होय’ असे दिले. सर्व कौशल्य मग एकाच गोष्टीत उरले, आणि ती गोष्ट म्हणजे कापणे आणि जोडणे.

ह्या कापण्या-जोडण्यात भूमितीचा जो खेळ आहे, तो शाळेतल्या मुलांनी अवश्य पाहावा. एक गोल केक घ्या. व्यासावर सुरी चालवून त्याची दोन अर्धवर्तुळे करा. आता ती दोन्ही अर्धवर्तुळे उलटी फिरवून, त्यांच्या वक्र बाजू मध्यभागी एकमेकींना टेकतील अशी ठेवा. झाले फुलपाखराचे पंख! मधल्या सांध्यावर एक लांबट बिस्किट ठेवले की शरीर झाले, आणि ज्येष्ठमधाच्या दोन बारीक वाद्या खोचल्या की मिशा झाल्या. मध्ये भोक असलेले दोन केक एकाखाली एक ठेवले की आठाचा आकडा होतो. चौकोनी केकच्या चार कोपऱ्यांवर आइसक्रीमचे कोन उपडे घातले की किल्ल्याचे बुरूज उभे राहतात. म्हणजे नवा आकार शून्यातून निर्माण करावयाचा नसून, तो गोलात आणि चौकोनात आधीच दडलेला असतो. तो कोठे दडला आहे हे हेरावयाचे असते. लाकूडकाम करणारा सुतार आणि कापड बेतणारा शिंपी हेच करतात, फरक एवढाच की येथे उरलेले तुकडे खाता येतात.

कापण्यालाही शास्त्र आहे. ताजा, गरम केक कापू गेल्यास त्याचा भुगा होतो. कारण आतील वाफ अजून निवालेली नसते आणि कण सैल असतात. म्हणून केक आदल्या दिवशी भाजून गार होऊ देतात. अगदी हलका स्पंज केक अशा कामाला उपयोगी नाही, तो दबतो. लोणी घातलेला जरा घट्ट केक हवा. भट्टीचे तापमान बहुधा 180 अंश सेल्सिअस ठेवतात. भाजत असताना मध्येच दार उघडून डोकावण्याचा मोह आवरावा लागतो, नाहीतर गार हवा आत जाते आणि अजून न बसलेला केक मधोमध खचतो. केकला कडेपासून उष्णता लागत असल्यामुळे कडा आधी घट्ट होतात आणि मध्यभाग उशिरापर्यंत फुगत राहतो. त्यामुळे वर घुमट येतो. आगगाडीचे डबे करावयाचे तर हा घुमट कापून सपाट करावा लागतो. जवळ उभ्या असलेल्या मुलांना हे कापलेले घुमट मिळतात, आणि स्वयंपाकघरात गर्दी होण्याचे खरे कारण तेच असते.

मग येते लोण्याचे लेपण. मऊ लोण्यात दळलेली साखर घालून ते पांढरेफटक होईपर्यंत फेटतात. पहिला हात अगदी पातळ द्यावयाचा. त्यात सुटे कण चिकटून बसतात. तो गार करून घट्ट झाला की त्यावर दुसरा, जाड आणि रंगीत हात. भिंतीला गिलावा करणारा गवंडी ह्याहून निराळे काही करीत नाही. रंगांच्या बाबतीत मात्र चांगले चांगले फसतात. लोणी मुळातच पिवळसर असल्यामुळे त्यात निळा रंग टाकला की आकाशाऐवजी पोपट तयार होतो! लाल भडक एंजिन हवे असेल तर इतका रंग ओतावा लागतो की चव कडवट होते. काळा रंग तर त्याहून कठीण. म्हणून चाके आणि रूळ यांसाठी ज्येष्ठमधाच्या वाद्या उपयोगी पडतात.

पुस्तकातील एका केकची कीर्ती फार झाली. तो म्हणजे पोहण्याचा तलाव. केकच्या वरच्या भागात खळगा कोरावयाचा, त्याच्या कडेने चॉकलेटच्या लांब बिस्किटांचे कुंपण उभारावयाचे आणि खळग्यात जेली भरावयाची. त्या जेलीत बोटभर बाहुल्या पोहत आहेत. दिसावयास हे सोपे. पण जेली पातळ असतानाच ओतली तर केक ती शोषून घेतो, आणि पाहुणे येईपर्यंत तलाव कोरडा व भिंती ओल्या होतात. म्हणून जेली निराळ्या भांड्यात आधी घट्ट करून मगच चमच्याने भरणे शहाणपणाचे.

आणि दुसरा, बदक. पिवळ्या लेपणाचे गुबगुबीत बदक, डोक्यावर पॉपकॉर्नचा तुरा आणि चोच कशाची? बटाट्याच्या वेफरची! गोड केकवर खारट वेफर, हे ऐकून हसू येते. पण वेफरचा तो किंचित वळलेला, पिवळट, पातळ आकार पाहिला की वाटते, चोचीसाठी ह्याहून योग्य वस्तू दुकानात शोधून सापडली नसती. ज्याला प्रथम ही कल्पना सुचली, त्याची नजर खरी. मात्र ही चोच अगदी शेवटी, पाहुण्यांची चाहूल लागल्यावर बसवावी लागते. लेपणातील ओलाव्याने वेफर मऊ पडतो, आणि मान खाली घातल्यासारखे ते बदक केविलवाणे दिसू लागते. ऑस्ट्रेलियातील ‘ब्लूई’ ह्या मुलांच्या चित्रमालिकेत 2020 साली ह्या बदकावर एक संपूर्ण कथाभाग झाला. धाकट्या बिंगोला वाढदिवसाला बदकच हवे असते आणि तिचे बाबा ते करता करता मेटाकुटीस येतात. ती गोष्ट पाहून त्या देशातील अनेक मोठी माणसे मनापासून हसली. कारण आपल्या घरातील तशी रात्र त्यांना आठवली. 1980 च्या पुस्तकाच्या काळी हे काम आईचेच समजले जाई. मालिकेत ते बाबांकडे आले आहे, ही गोष्ट चांगलीच झाली.

असे केक पुष्कळदा वाकडे होतात. एंजिन कलते, किल्ल्याचा बुरूज ढळतो, चित्रातल्या सिंहाचे घरी मांजर होते. आश्चर्य हे की मुलांचे त्याकडे फारसे लक्ष नसते. त्याला चित्राबरहुकूम केक हवा असतो हे खरे. पण आपण बोट ठेवलेल्या पानाची कोणी आठवण ठेवली, हे त्याला त्याहूनही अधिक हवे असते. दुकानातून आणलेला केक सुबक असतो, त्यावर नावही नीट अक्षरांत असते. मात्र तो होताना मुलाने पाहिलेला नसतो, भांड्याला लागलेले पीठ त्याने चाटलेले नसते. हा तोटा सुबकपणाने भरून निघत नाही. वेळच नसेल तेथे दुकानाचा केक आणण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत असे म्हणणे बरोबर होणार नाही.

वाढदिवसाखेरीज शाळांच्या कार्यांतही केकला स्थान आहे. शाळेच्या जत्रेत छोटे केक मांडतात. त्यांत ‘फुलपाखरी केक’ असतो : कपकेकचा वरचा घुमट कापून काढावयाचा, तेथे साय किंवा लेपण भरावयाचे, घुमटाचे दोन तुकडे करून ते पंखांसारखे तिरके खोचावयाचे. अकरा-बारा वर्षांचे मूल हे स्वतः करू शकते. ऑस्ट्रेलियात शाळा आणि बालवीरांची पथके निधी जमविण्यासाठी ‘लॅमिंग्टन’ नावाचे केक करून विकतात. स्पंज केकचे चौकोनी तुकडे पातळ चॉकलेटात बुडवून, सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवितात. मुले आणि पालक रांगेत उभे राहून कोणी बुडवितो, कोणी घोळवितो, कोणी बांधतो. ह्या केकच्या नावाचा संबंध क्वीन्सलँडचे गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन यांच्याशी जोडतात. 1896 ते 1901 ते तेथे होते. तेच गृहस्थ 1903 ते 1907 ह्या काळात मुंबईचे गव्हर्नर होते, आणि मुंबईतला लॅमिंग्टन रोड त्यांच्याच नावाचा. त्या रस्त्याला आता डॉ. भडकमकर मार्ग हे नाव आहे. तरी विजेच्या उपकरणांसाठी तेथे जाणारा मुंबईकर अजून जुनेच नाव उच्चारतो. एकाच माणसाचे नाव एका देशात खोबऱ्याच्या केकला आणि दुसऱ्या देशात रस्त्याला!

आपल्याकडे घरोघरी भट्टी नव्हती, म्हणून भाजण्याची हौस नव्हती असे नाही. पातेल्यात वाळू तापवून, तीत रव्याच्या मिश्रणाचे भांडे ठेवून आणि झाकणावर निखारे पसरून केक करणाऱ्या गृहिणी होत्या. पुढे कुकरच्या तळाशी मीठ पसरून, शिट्टी काढून, पाण्यावाचून केक भाजू लागले. नानकटाईसाठी पीठ, तूप आणि साखर घेऊन बेकरीवर जावयाचे आणि भाजून झालेले डबे मोजून घरी आणावयाचे, हा तर सुट्टीतला मुलांचा आवडता उद्योग असे. गोव्यात रवा आणि नारळाचा बातिक घरोघर होतो. तेथील बेबिंकाचा एकेक थर वरून उष्णता देऊन भाजावा लागतो आणि एक थर झाल्यावाचून दुसरा ओतता येत नाही.

मात्र खाद्यपदार्थाला मुलाच्या हौसेचा आकार देण्याची आपली खरी विद्या केकमध्ये नव्हे, हलव्यात आहे. संक्रांतीच्या दिवसांत परात मंद आचेवर ठेवून, तिळावर किंवा खसखशीवर साखरेच्या पाकाचे थेंब घालीत, बोटांनी दाणे सतत फिरवीत बसावे लागते. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात. आच वाढली तर साखर पिवळी पडते. थंडी चांगली असेल तर हलव्याला काटा सुरेख फुटतो. अशा कित्येक दिवसांच्या श्रमाने झालेले दाणे दोऱ्यात ओवून मुकुट, बाजूबंद, हार आणि कृष्णाची बासरी करतात. संक्रांत ते रथसप्तमी ह्या काळात लहान मुलाचे बोरन्हाण होते. काळे झबले घालून आणि साखरेचे हे सारे दागिने लेवून ते मूल पाटावर बसते. डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि हलवा ओततात, आणि भोवतालची मुले ती वेचण्यास झेप घेतात. त्या गडबडीत पाटावरच्या बाळकृष्णाकडे कोणाचे लक्ष नसते. तो शांतपणे आपली बासरी तोंडात घालतो आणि चोखू लागतो.